परदेशी देणगीला एकच दार, तेही संसद मार्गावर!

परदेशातून पैसा पाठवायचा तर बँकेचा 'स्विफ्ट कोड' लागतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, नंतरची दोन ठिकाणाची आणि असलीच तर शेवटची तीन शाखेची. १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेल्या स्विफ्ट या संस्थेच्या जाळ्यावर जगभरच्या बँका या कोडने ओळखल्या जातात. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांच्या अनुयायांनी हे बँकवाल्यांवर सोडून देऊ नये.

कारण परदेशी देणगी घेणाऱ्या देशातील साऱ्या नोंदणीकृत संस्थांना आता एकच कोड आहे : एसबीआयएन-आयएन-बीबी-१०४. म्हणजे स्टेट बँकेची दिल्लीतील संसद मार्गावरची मुख्य शाखा. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) दुरुस्ती झाली. तेव्हापासून संस्था नांदेडची असो वा गडचिरोलीची, देणगी आधी दिल्लीत उतरते. खाते उघडायला दिल्ली गाठावी लागत नाही, एवढीच काय ती मेहेरबानी!

खरा घाव मात्र दुसऱ्याच कलमात आहे. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर त्याच दुरुस्तीने बंदी घातली. मोठ्या संस्थेला दाता भेटतो, इंग्रजीत अर्ज लिहिणारा माणूस परवडतो. वस्तीतल्या मंडळाला तिच्यामार्फतच चार पैसे मिळू शकत. अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदाराला तालुक्याला न्यायचे तर एसटीचे भाडे कुणी द्यायचे? ती वाट बंद झाली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदी वैध ठरवल्या.

देशाच्या सुरक्षेसाठी हे हवेच, असे सरकार म्हणते. मग राजकीय पक्षांचे काय? २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही परदेशी देणग्या घेऊन हाच कायदा मोडल्याचे प्रथमदर्शनी मान्य केले. तेव्हा २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून 'परदेशी' या शब्दाची व्याख्याच बदलण्यात आली, तीही थेट १९७६ पासून मागे जाऊन!

परदेशातील आपल्या बांधवांनी एक ध्यानात घ्यावे. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा या कायद्याने परदेशी ठरत नाही. पासपोर्ट बदललेल्याचा मात्र ठरतो. तो विहाराच्या साध्या खात्यात टाकला, तर चौकशीला तोंड द्यावे लागते ते गावच्या मंडळाला.