आधी काय, मागनं काय?

संगणकावरची कादंबरी म्हटलं की आपल्याकडच्या प्रस्थापित साहित्यिकांचे दोन सूर लागतात. एक म्हणतो, हे अमेरिकन फॅड. दुसरा म्हणतो, वस्तीतल्या पोरांना हे झेपायचं नाही, त्यांना सरळ गोष्ट द्या. बाबांनो, तुमचं आयुष्य सरळ रेषेत गेलं, म्हणून आमचंही तसंच गेलं असं धरून चालू नका.

हायपरटेक्स्ट हा शब्द टेड नेल्सनने १९६५ साली छापून आणला. मायकेल जॉइसची ‘आफ्टरनून’ ही कथा १९८७ची. एका माणसाला सकाळी रस्त्यावर अपघात दिसतो. त्यात आपला पोरगा आणि सोडलेली बायको तर नव्हती ना, या शंकेनं तो तडफडतो. कथेचे शेकडो तुकडे आहेत. वाचक एखादा शब्द निवडतो आणि तिथून दुसऱ्या तुकड्यात जातो. दोघांचं वाचन सारखं होत नाही.

म्हणजे इथं काळ तीन. घटना घडल्या तो एक, लेखकानं मांडल्या तो दुसरा, वाचक ज्या वाटेनं चालला तो तिसरा. छापील पुस्तकात दुसरा-तिसरा बहुधा हातात हात घालून जातात. इथं त्यांची फारकत होते. वाचायचं म्हणजे तिन्हींचा हिशेब ठेवायचा. आपल्याला हे नवं नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, आणि गावाकडून कावाखान्यात, कावाखान्यातून गावाकडे येत-जात राहतो. आपला वाचक त्यात कधी हरवला नाही.

आता हाच हिशेब घाटकोपरवर मांडून बघा. पाच तुकडे घ्या.

१५ जुलै १९९७ : मुलुंडमध्ये शाहीर विलास घोगरेनं गळफास घेतला.
११ जुलै १९९७, सकाळ : घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार.
त्याच सकाळी : राज्य राखीव पोलिसांचा गोळीबार. दहा माणसं ठार.
पोलिसांचं म्हणणं : जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता.
२००९ : गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयात जन्मठेप; पुढं हायकोर्टातून जामीन.

मुलुंडचा तुकडा आधी वाचला तर वाटतं, एक खचलेला माणूस गेला. घाटकोपरला जाऊन परत या. अक्षरं तीच, पण आता ते एकट्याचं मरण राहत नाही. हायपरटेक्स्टची खरी ताकद ही, की एकच तुकडा दुसऱ्यांदा वाचताना वेगळा होतो.

आणि धोकाही इथंच. टँकर आधी दाखवा, मग गोळी. पोलीस वस्तीचे तारणहार ठरतात. प्रेतं आधी दाखवा, मग टँकर. ती सबब ठरते. गुंडेवार चौकशी आयोगानं गोळीबार असमर्थनीय ठरवला. म्हणजे सगळा झगडाच क्रमाचा होता.

विद्यापीठातले पंडित सांगतात, हायपरटेक्स्टमध्ये आधी-नंतर काही नसतं, वाचक मोकळा असतो. साफ खोटं. जॉइसच्या कथेतच कुलपं आहेत. एक तुकडा वाचल्याशिवाय दुसऱ्याचं दार उघडत नाही. वाचकाला वाटतं आपण मोकळे फिरतोय, आणि किल्ली लेखकाच्या खिशात! म्हणून वाचताना विचारायचं : पहिला तुकडा कुणी समोर ठेवला? कुलूप कशाला आहे? आणि हे घडलं तेव्हा घड्याळात किती वाजले होते?

सांगण्याचा क्रम हवा तसा मोडा. घडण्याचा क्रम मोडायचा हक्क कुणालाच नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला ‘सगळेच क्रम सारखे’ हे तत्त्वज्ञान परवडत नाही.

दोस्तहो, अशा कथा रचायचं ट्वाइन नावाचं साधन २००९ साली आलं, ते फुकट मिळतं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या पोरांनी ते हातात घ्यावं आणि मराठीत लिहावं. वाटा कितीही फोडा. फक्त प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तारीख आणि वेळ टाका. वाचक कुठूनही आत शिरू दे. गोळी आधी की टँकर आधी, हे त्याला तपासता आलं पाहिजे.