शिकण्यासाठी दूर जाताना



दहावीचा निकाल लागल्यानंतरची गोष्ट आहे. एक पालक शाळेत मला भेटायला आले. त्यांची मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली होती. तिला जळगावला जाऊन विज्ञान शिकायचे होते. पालक म्हणाले, "मॅडम, मुलगी हुशार आहे, हे मला मान्य आहे. पण तिला जळगावला ठेवायचे म्हणजे परदेशी पाठवल्यासारखेच आहे. तिथे ती एकटी कशी राहील? आणि परत येईल तेव्हा ती आमचीच राहील का?"

भडगावहून जळगाव एस.टी.ने दीड-दोन तासांवर आहे. तरीही मला त्यांच्या बोलण्याचे हसू आले नाही. ज्या घरातून आजवर कोणी शिकायला बाहेर पडले नाही, त्या घरासाठी गिरणा नदीचा पूल ओलांडला की परदेशच सुरू होतो. त्यांचे दोन प्रश्न मात्र माझ्या मनात राहिले. दूर गेलेले मूल कसे राहते? आणि ते परत येते तेव्हा कोण होऊन येते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना मला आपल्याच महाराष्ट्रातली तीन माणसे आठवली. ती तिघेही खऱ्याखुऱ्या परदेशात शिकायला गेली होती.

पहिल्या आनंदीबाई जोशी. त्यांचा जन्म १८६५ मध्ये झाला. माहेर कल्याणचे. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि योग्य उपचार न मिळाल्याने ते दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले. त्या काळी आपल्याकडे स्त्री डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टरला प्रकृती दाखवायला बायकांना संकोच वाटे. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. पत्नीने शिकावे असा त्यांचा आग्रह होता. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांना नुकतेच अठरावे वर्ष पूर्ण झाले होते. सोबत पती नव्हते, आई नव्हती, बहीण नव्हती.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. 'अमेरिकेत शिकली' हे दोन शब्द ऐकायला छान वाटतात. पण त्या दोन शब्दांत तीन वर्षांचे दिवस आणि रात्री असतात. त्यांच्या खोलीतली शेगडी नीट पेटत नसे. खिडकी बंद ठेवली तर खोलीत धूर कोंडे, उघडली तर हाडे गोठवणारी थंडी आत येई. त्या शाकाहारी होत्या, त्यामुळे जेवणाचे हाल होत. नऊवारी साडीत पाय उघडे राहून थंडी वाजे, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पोशाख सोडला नाही, फक्त नेसण्याची पद्धत बदलली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपले काय ठेवायचे आणि काय बदलायचे हे त्यांनी स्वतः ठरवले. घरी असताना असे निर्णय दुसरेच कोणीतरी घेत असते.

आणखी एक बदल झाला. तो साडीपेक्षा मोठा होता. गोपाळरावांनी त्यांना शिकवले हे खरे, पण ते फार तापट होते. लहानपणी अभ्यासावरून आनंदीबाईंनी त्यांचा मारही खाल्ला होता. फिलाडेल्फियाहून लिहिलेल्या पत्रांत हीच आनंदी पतीला त्या माराची आठवण करून देते आणि त्यांच्या संशयाला शांतपणे, पण ठाम उत्तर देते. तिने पतीचा आदर सोडला नाही. मात्र आपल्यालाही स्वतःचे मत आहे आणि ते सांगता येते, हे तिला उमगले. मला वाटते, ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, त्याच्या आधीच तिला हे शिक्षण मिळाले होते.

दुसऱ्या आतिया फैजी. तुमच्यापैकी काहींनी उर्दूच्या तासाला हे नाव ऐकले असेल. त्यांचा जन्म १८७७ मध्ये इस्तंबूल येथे झाला. घराणे मुंबईचे, तय्यबजी कुटुंबाच्या नात्यातले. त्यांची बहीण नाझली बेगम ही जंजिऱ्याच्या नवाबांची पत्नी. म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या मुरूड-जंजिऱ्याशी त्यांचे जवळचे नाते. १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या. कशासाठी? शिक्षिका होण्यासाठी! मी स्वतः बी.एड. केलेले असल्यामुळे मला याचे विशेष कौतुक वाटते. एकशेवीस वर्षांपूर्वी एक मुसलमान तरुणी 'कसे शिकवावे' हे शिकायला समुद्रापार जाते, ही साधी गोष्ट नव्हे.

आतिया तिथून घरी नियमित लिहीत असत. कॉलेजातला दिवस कसा गेला, कोण भेटले, काय पाहिले, हे सारे त्या उर्दूतून कळवत. हे लेखन लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून येऊ लागले. पुढे १९२१ मध्ये त्याचे पुस्तक झाले. त्याचे नाव 'जमाना-ए-तहसील', म्हणजे शिक्षणाचा काळ. विचार करा, त्या काळी कितीतरी घरांतल्या मुली उंबरठ्याबाहेरही पडत नव्हत्या. त्यांनी घरात बसून लंडनचे कॉलेज पाहिले. एकजण गेली आणि तिने अनेकींना सोबत नेले.

आतियांनी तो अभ्यासक्रम पूर्ण केला नाही. १९०७ मध्ये त्या परत आल्या. काहीजण म्हणतील, मग काय उपयोग झाला? मला तसे वाटत नाही. प्रमाणपत्र मिळाले नाही, पण जे पाहिले ते नोंदवून ठेवण्याची सवय त्यांनी सोडली नाही. म्हणूनच त्यांचा शिक्षणाचा काळ आपल्याला आजही वाचता येतो.

तिसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ मध्ये ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिन्याला साडेअकरा पौंड मिळत. त्यातच राहणे, जेवणे, पुस्तके आणि घरच्यांची काळजी. त्यांच्या चरित्रात एक गमतीची, पण खरी गोष्ट सांगितली आहे. सुरुवातीचे काही महिने त्यांचेही मन अभ्यासात नव्हते. खेळ, मित्र, गप्पा यांत वेळ जाई. मग एके रात्री ते स्वतःशी विचार करू लागले, की आपण येथे कशासाठी आलो आहोत? त्यानंतर ते ग्रंथालयात असे बसले की तिथून उठणे कठीण झाले. घरी असताना 'अभ्यासाला बस' असे सांगणारे कोणीतरी असते. तिथे सांगणारे कोणी नव्हते. जो स्वतःला सांगू शकतो, तोच खरा विद्यार्थी.

न्यूयॉर्कमध्ये ते सर्वांबरोबर एका टेबलावर जेवत आणि एकाच वर्गात बसत. त्यांची जात तिथे कोणी विचारत नसे. त्यांनी स्वतः लिहिले आहे, की परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याची जाणीवच मनातून पुसली गेली होती. मग १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्याला आले. इतका शिकलेला माणूस, पण त्याला राहायला खोली मिळेना. शेवटी नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि काही दिवसांनी लोकांनी तिथूनही बाहेर काढले. ज्याने समानतेची चव घेतली नाही, त्याला अन्यायाची सवय होते. बाबासाहेबांनी ती चव घेतली होती. म्हणून त्यांना ही सवय पुन्हा लावून घेणे शक्य नव्हते. पुढे त्यांनी काय केले, ते तुम्ही इतिहासात वाचले आहेच.

आता माझीही एक लहानशी गोष्ट सांगते. मी बी.एड.साठी वसतिगृहात राहायला गेले, तेव्हा माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले होते. मराठी मला समजत होती, पण बोलताना लिंगाच्या चुका होत. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्याने म्हणाले, "पाणी आला!" सगळ्या मुली हसल्या. त्या रात्री मी अम्मीला फोन करून म्हणाले, "मला परत न्या." अम्मी म्हणाली, "आठ दिवस थांब." त्या आठ दिवसांत एक गंमत झाली. माझ्या खोलीतली मुलगी अमळनेरकडची होती. ती घरच्यांशी फोनवर अहिराणीत बोले. भडगावच्या बाजारात अहिराणी ऐकतच मी वाढले होते. एक दिवस मी तिच्याशी दोन वाक्ये अहिराणीत बोलले. ती चकित झाली! मग आमची मैत्री जमली. ती माझे मराठी सुधारू लागली आणि मी तिला उर्दूत तिचे नाव लिहायला शिकवले. तिच्या घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आला, की त्यात माझा वाटा ठरलेला असे.

तोपर्यंत मी स्वतःला फक्त 'मराठी नीट न येणारी मुलगी' समजत होते. तिथे मला कळले, की मी खानदेशची आहे, मला तीन भाषा समजतात आणि माझ्याजवळही दुसऱ्याला देण्यासारखे काही आहे. हे भडगावात राहून मला कळले नसते, कारण येथे सगळेच माझ्यासारखे होते.

म्हणून माझे मत असे आहे. शिकण्यासाठी दूर गेल्याने माणूस आपल्या माणसांना हरवतो, ही भीती बहुतेक वेळा खरी नसते. घराची किंमत घराबाहेरच कळते. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे जाहीर भाषण केले होते. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी लोकांना सांगितले आणि तो शब्द पाळला. ज्याला आपण कोण आहोत हे माहीत आहे, त्याला दुसऱ्यांमध्ये मिसळायला भीती वाटत नाही.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दूर जाणे म्हणजे सहल नव्हे. आनंदीबाई आजारी होऊनच परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण तिथे काम करण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही पूर्ण नव्हते. त्यांच्या धैर्याचे गोडवे गाताना त्या धुराच्या खोलीला आपण विसरू नये. मुलांना नुसते 'जा, नाव काढ' असे सांगून भागत नाही. जेवण कसे आहे, खोली कशी आहे, तब्येत कशी आहे, हे विचारणारे कोणीतरी मागे असावे लागते. आनंदीबाईंना अमेरिकेत कार्पेंटरबाईंनी मायेने सांभाळले. त्यांना त्या मावशी म्हणत. प्रत्येकाला अशी मावशी मिळतेच असे नाही. म्हणून खर्चाचा हिशेब न करता, चौकशी न करता, कोणाच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून कर्ज काढू नये. शिष्यवृत्तीची माहिती आधी घ्यावी, प्रवेशाची कागदपत्रे स्वतः वाचावीत.

आणि मुलांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. आनंदीबाईंच्या पत्राला घरी पोहोचायला कित्येक आठवडे लागत. आज मोबाईलवर आईचा चेहरा दिसतो. हे चांगलेच आहे. पण दिवसातून दहा वेळा घरी फोन केला, तर आपण शरीराने तिथे आणि मनाने इथेच राहतो. जी अडचण आपण सोडवू शकतो, ती आधी सोडवून पाहावी आणि मग घरी सांगावी. सांगायला तेव्हा जास्त मजा येते.

त्या पालकांना मी हे सारे सांगितले. आतिया फैजींचे ऐकून त्यांना आश्चर्य वाटले. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कहून लिहिलेल्या एका पत्रात मुलांबरोबर मुलींच्याही शिक्षणाचा आग्रह धरला होता, तेही मी सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले आणि 'विचार करतो' म्हणून निघून गेले. मला वाटले, संपले.

चार दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी मुलगीही सोबत होती. खिशातून कागद काढून ते म्हणाले, "मॅडम, वसतिगृहात काय काय लागते, ते लिहून द्या." मी लिहू लागले : गादी, चादर, बादली, कुलूप, टॉर्च. मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मराठीचा शब्दकोशही लिहा."

मी तो पहिल्या ओळीवर लिहिला.