सुतारमेटावरील दान आणि आपले देणे

महसूल खात्यातील कारकुनी संपवून मी गावी परत आलो, तेव्हा वडिलार्जित जमिनीबरोबर वडिलांची एक कुऱ्हाडही माझ्या वाट्यास आली. तिचा दांडा मोडलेला होता. बाजारातून तयार दांडा आणून बसविला, तो पंधरा दिवसांत पुन्हा मोडला. शेवटी सुतारमेटावर गेलो. आमच्या गावच्या वृद्ध सुतारांस सारा गाव आबा म्हणतो. त्यांनी तो मोडका दांडा हातात घेऊन एकवार फिरविला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ह्याची शीर आडवी गेलीय. लाकूड चांगलं असून काय उपयोग? बसा, दुसरा करू. पण मी नाही, तुम्ही करायचा."

जन्मभर लेखणीवाचून दुसरे हत्यार ज्याने हाती धरले नाही, अशा मनुष्यास ही आज्ञा ऐकून संकोच वाटला. तथापि बसलो. पुढील चार दिवसांत जे पाहिले, त्यावरून मनात आलेला एक विचार सभासद बंधूंपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पहिल्या दिवशी आबांनी मला लाकडास हात लावू दिला नाही. पटाशी आणि धार लावण्याचा दगड पुढे ठेवून ती कशी धरावी, किती कलती ठेवावी, दगडावर पाणी केव्हा घालावे, एवढेच शिकविले. दुसऱ्या दिवशी एका जुन्या चौकटीचा तुकडा सरावासाठी दिला आणि आपला वाकस माझ्या हाती ठेवला. वाकसाचा घाव आपल्याच पायाकडे येतो. म्हणून पाय कोठे ठेवावा हे त्यांनी तीन वेळा करून दाखविले. पाय वाचला; पण त्या चौकटीत दडून राहिलेल्या एका खिळ्यावर माझा घाव बसला आणि वाकसाच्या धारेचा दात उडाला. मी ओशाळलो. आबा काही बोलले नाहीत. दिवेलागणीपर्यंत ते दगडाशी बसून ती धार पुन्हा आणीत होते. मेटावर एका दाराची चौकट आणि एका खाटेचे पाय अर्धवट पडले होते. ती गिऱ्हाइकाची कामे त्या दिवशी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच वाकस त्यांनी पुन्हा माझ्या हाती दिला.

मी विचारले, "आबा, हत्यार खराब झाले तरी पुन्हा मलाच देता?" ते म्हणाले, "हत्याराला धार पुन्हा लावता येते. शिकणाऱ्याचा हात एकदा भ्याला, तर तो माणूस परत मेटावर येत नाही."

अखेर धावड्याचा ओंडका आला. तो करवतीने न कापता पाचर मारून फाडला. कारण करवत आपल्या मर्जीने चालते, पाचर मात्र लाकडाच्या तंतूंची वाट धरते. आणि ज्या दांड्यात तंतू ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेले असतात, तोच घाव सोसतो. बाजारचा दांडा का मोडला, हे तेव्हा मला कळले. आता माझी कुऱ्हाड नीट चालते. चार दिवसांची मजुरी मी देऊ लागलो, तेव्हा आबांनी लाकडाचे तेवढे पैसे घेतले, बाकीचे परत केले.

माझ्यासारखाच एका शेतमजुराचा आणि एका लहान शेतकऱ्याचा मुलगा त्या मेटावर येतो. आबांचे स्वतःचे दोन्ही मुलगे शहरात आहेत. येथेच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. बलुत्याच्या काळी सुतार वर्षभर गावची औते नीट ठेवी आणि खळ्यावर आपला धान्याचा वाटा घेई. ती विद्या बहुधा घरातल्या घरात बापाकडून मुलाकडे जाई. ती वारसा होती. पुढे काळ पालटला. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर तयार केला. त्यामागून लोखंडी औते, मग ट्रॅक्टर आले. धान्याच्या जागी रोकड आली आणि बलुते मागे पडले. आज जो वृद्ध सुतार परक्याच्या मुलास जवळ बसवून शिकवितो, तो वारसा देत नसून दान देतो. पूर्वीच्या शिकविण्यापेक्षा हे मोठे आहे, असे माझे मत आहे.

माझा जन्म सात-बाराच्या उताऱ्यांत आणि फेरफारांच्या नोंदींत गेला. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजविताना मी पाहिले आहेत. त्या भांडणांची दप्तरे खोल्या भरून आहेत. परंतु कोणा कारागिराने आपली सारी विद्या परक्याच्या हाती ठेवली, ह्याची नोंद करण्यास एकाही दप्तरात रकाना नाही. सर्वच कारागीर असे उदार असतात असे नाही. हातची खुबी राखून ठेवणारेही आहेत. आणि ज्याच्या पोटाचे साधन तेवढेच, त्यास दोष कोणत्या तोंडाने द्यावा? म्हणूनच जो देतो त्याची किंमत अधिक.

कोणी म्हणेल की, ट्रॅक्टरच्या दिवसांत ही हातहत्यारे शिकून उपयोग काय? त्यास उत्तर असे की, कुऱ्हाड, कुदळ आणि खोरे ह्यांस आजही दांडा लागतो. गोठ्याचे दार, खाटेचा पाय, चौकटीचा निसटलेला सांधा ह्यांसाठी प्रत्येक वेळी तालुक्याच्या गावी धाव घेणे परवडत नाही. यंत्रावर काम करणाऱ्यासही लाकडाची शीर ओळखावीच लागते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, तीनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने शाळेत शिकवावयाच्या मूलोद्योगांत कताई-विणाईच्या जोडीस सुतारकाम आणि शेती ह्यांची नावे घातली, ती उगाच नव्हेत. हात आणि डोळा एकत्र वळविणारे असे शिक्षण दुसरे थोडेच आहे.

सरकारने ह्या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय घेतले असून त्यांत सुतारकाम आहे. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक शिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, अशी तीत तरतूद केलेली आहे. परंतु दारापुढे बसून शेजारच्या मुलास महिनोन् महिने शिकविणाऱ्या म्हाताऱ्याचा जो दिवस बुडतो, त्याचा हिशेब अशा योजनेत बसत नाही. तो हिशेब ज्या गावास त्याच्या विद्येचा लाभ होतो, त्या गावानेच ठेवावयाचा आहे.

यास्तव आपल्या संघाच्या सभासदांपुढे तीन गोष्टी ठेवतो. पहिली, शिकणाऱ्यासाठी वाकस, पटाशी, करवत, रंधा, गुण्या आणि हातोडा असा एक संच संघाने विकत घेऊन मेटावर ठेवावा. म्हणजे नवख्याच्या चुकीने गुरूचे हत्यार बिघडणार नाही. दुसरी, वादळाने पडलेली बाभूळ किंवा वाळलेली फांदी सरपणात घालण्यापूर्वी तिचा सरळ भाग सरावासाठी मेटावर पाठवावा. तिसरी आणि मुख्य, रब्बीची रास घरी आल्यावर फाल्गुन-चैत्रात काही दिवस शिकविण्याचे ठरवावे आणि त्या दिवसांची पुरी मजुरी संघाने सुतारास आदरपूर्वक द्यावी. मृगापूर्वीचा महिना त्याच्या घाईचा असतो, त्या वेळी त्यास अडवू नये. ह्या सर्वांचा खर्च वाटून घेतला, तर एकेका खातेदारास तो जड जाणार नाही.

आबा मजुरी घेणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी ती त्यांच्यापुढे ठेवलीच पाहिजे. न घेणे हा त्यांचा मोठेपणा झाला. न देणे हा आपला मोठेपणा होत नाही. शिवाय त्यांच्यामागून येणारा कारागीर कदाचित गरजू असेल. शिकविण्यात दिवस गेला तरी चूल पेटते, एवढी खात्री त्यास असली तरच तो परक्याच्या मुलास जवळ बसवील.

गेल्या आठवड्यात त्या शेतमजुराच्या मुलाने माझ्या गोठ्याच्या फाटकास नवा आडणा करून बसविला. पैसे देताना मी त्यास विचारले की, तुझ्या हाताखाली कोणी शिकावयास आला तर शिकविशील काय? तो हसून म्हणाला, "आबांनी मला कुठं नाही म्हटलं होतं?" हे उत्तर ऐकून मला समाधान वाटले, आणि आपण अद्याप काहीच दिलेले नाही ह्याची लाजही वाटली. येत्या बैठकीत सभासदांनी ह्या तीन गोष्टींचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे.