तळहाताएवढी भाकरी

1972 च्या दुष्काळात आईनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तेव्हा ती वीस वर्षांची होती, मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावात नुकतीच सून म्हणून आलेली. रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी. त्या पिठाला विरी नसायची, भाकरी थापतानाच तुटायची, असं ती आजही सांगते. ज्या मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडीतून निवड करून एम 35-1 हे ज्वारीचं नावाजलेलं वाण निघालं, त्याच तालुक्यातल्या बाईला त्या वर्षी परदेशी ज्वारीसाठी ओळीत उभं राहावं लागलं. तेव्हापासून ताटातली भाकरी टाकणं हा आमच्या घरात सगळ्यात मोठा गुन्हा आहे.

2017 च्या श्रावणात मी त्याच आईसमोर ताटातली भाकरी बाजूला सारली. ती काही बोलली नाही. भाकरी उचलून फडक्यात गुंडाळली, दुरडीत ठेवली आणि रात्री दुधात कुस्करून स्वतः खाल्ली. तो प्रसंग मी विसरले नाही. गेल्या आठ वर्षांत खाण्यापिण्याबद्दल मी जे शिकले, त्याची सुरुवात तिथूनच झाली.

तेव्हा माझं वजन 83 किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. तीन महिन्यांची सरासरी साखर 6.3, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. सोलापुरात विजापूर रोडवरच्या आमच्या घराचे दोन जिने चढताना गुडघे बोलायचे. घराघरात तेव्हा एकच चर्चा होती, दीक्षित की दिवेकर. लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणत होते, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवा आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या विचाराचं श्रेय ते डॉ. श्रीकांत जिचकार यांना देत. ऋजुता दिवेकर ठरावीक वेळानं थोडं थोडं आणि आपल्या मातीतलं खा म्हणत होत्या. मी तिसरीच वाट धरली: भात, भाकरी, पोळी, साखर, बटाटा बंद आणि त्या जागी लोणी, तूप, अंडी, पनीर, मटण. पिष्ट कमी, स्निग्ध जास्त.

ही वाट नवी नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता. त्याचं वजन 202 पौंड होतं, बुटाचे बंद बांधायला वाकता येत नव्हतं. डॉ. विल्यम हार्वे यांनी त्याचा पाव, साखर, बटाटा आणि बिअर बंद केली. वजन उतरलं, तसं त्यानं 1863 साली आपला अनुभव सांगणारी पुस्तिका छापली. स्वीडिश भाषेत वजन कमी करण्यासाठी खाणं आवरण्याला आजही त्याच्या आडनावावरून आलेलं क्रियापद वापरतात. पुढे न्यूयॉर्कचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ॲटकिन्स यांनी हाच विचार नव्यानं मांडला आणि त्यांचं पुस्तक लाखोंनी खपलं. ते 1972 साली आलं. तिकडे पाव सोडा म्हणून सांगणारं पुस्तक हातोहात जात होतं आणि त्याच वर्षी माझी आई तुटक्या भाकरीसाठी खडी फोडत होती. ही दोन चित्रं शेजारी ठेवल्यापासून आहाराचा कुठलाही सल्ला ऐकताना मी आधी विचारते, हा कोणासाठी सांगितलाय?

सुरुवातीला यश झपाट्यानं आलं. पहिल्याच आठवड्यात अडीच किलो उतरले. त्यात चरबी थोडीच होती, हे मला नंतर कळलं. यकृतात आणि स्नायूंत शरीर साखरेचा साठा ठेवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. पिष्ट बंद केलं की साठा संपतो आणि पाणी निघून जातं. खरी चरबी त्यानंतर हळूहळू उतरते. ती माझीही उतरली. आठ महिन्यांत 83 चे 68 झाले. सरासरी साखर 5.6 वर आली. सगळ्यात मोठा फरक पडला तो भुकेत. सकाळी अकराला आणि दुपारी चारला पोटात जो खड्डा पडायचा, तो पडेनासा झाला. ज्यांना आयुष्यभर भुकेनं पळवलंय त्यांनाच त्या शांततेची किंमत कळेल. म्हणूनच, हे सगळं थोतांड आहे असं कोणी म्हणालं की मला राग येतो.

पण नववा महिना सोलापूरच्या उन्हाळ्यात आला. पारा 43 वर. या आहारात शरीरातून पाण्याबरोबर मीठही जातं. रात्री पोटऱ्यांत गोळे येऊन मी किंचाळत उठायचे. पोट साफ होईना, केस मूठमूठ गळायला लागले. तपासणीत वाईट कोलेस्टेरॉल 118 वरून 176 वर गेलेलं दिसलं. आमच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "हे सगळं तुम्ही पंचवीस वर्षं खाणार आहात का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याआधीच्या हिवाळ्यात गावी हुरडा झाला होता. आगटीत भाजलेली गूळभेंडीची कणसं चुलत्यांनी हातावर चोळली, फुंकून भुसा उडवला आणि कोवळे, हिरवे, वाफाळते दाणे एकेकाच्या तळहातावर ओतले. बाजूला शेंगाची चटणी, दही, गूळ. सगळे गोलात बसलेले आणि मी डब्यातून नेलेलं पनीर खात होते. चुलत्यांनी माझ्यासाठी पुढे केलेली ओंजळ मी परत केली. ती परत करताना त्यांचा चेहरा कसा झाला, ते मला वजनकाट्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त लक्षात आहे. संक्रांतीला शेंगाची पोळी नाही, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी नाही. माणसांपासून असं तुटून माणूस किती दिवस राहील?

मी दीड वर्ष राहिले. मग एक एक दोर सुटत गेला आणि 2019 च्या दिवाळीत वजन 77 वर होतं.

माझी जिद्द कमी पडली असं तेव्हा वाटलं. नंतर संशोधन वाचलं तेव्हा कळलं, ही बहुतेकांची गोष्ट आहे. इस्राएलमध्ये डिमोना इथं 322 जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला, तो 2008 साली प्रसिद्ध झाला. कमी पिष्ट खाणाऱ्यांचं सरासरी 4.7 किलो वजन उतरलं, भूमध्य सागराकाठच्या पद्धतीनं खाणाऱ्यांचं 4.4 आणि कमी तेलतूप खाणाऱ्यांचं 2.9. पण सहा वर्षांनी पाहिलं तर कमी पिष्टवाल्यांचं मूळ वजनापेक्षा फक्त 1.7 किलो कमी राहिलं होतं आणि भूमध्यवाल्यांचं 3.1. सुरुवातीला जोरात पळणारा मागे पडला आणि रोजच्या जेवणासारखं जेवणारा पुढे राहिला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं 609 जणांना वर्षभर पाहिलं. 2018 साली निष्कर्ष आला: कमी पिष्टानं सरासरी सहा किलो, कमी स्निग्धानं 5.3 किलो, म्हणजे फरक नगण्य. दोन्ही गटांना एक गोष्ट मात्र सारखीच सांगितलेली होती, साखर आणि मैदा टाळा, भाज्या भरपूर खा.

मग मी वही घेतली आणि महिनाभर तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहिला. वजन परत आणलं कशानं? भाकरीनं नव्हे. दिवसातून पाच कप साखरेचा चहा, प्रत्येक कपाबरोबर दोन बिस्किटं, उपवासाची साबुदाण्याची खिचडी, लग्नातला भात आणि जिलेबी, संध्याकाळचा भडंग. आणि रात्री भूक नसतानाही सवयीनं दोन भाकरी.

भाकरीचा हिशोब मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर केला. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं आणि 10 ग्रॅम प्रथिनं असतात. आईची भाकरी ताटभर, जवळपास ऐंशी ग्रॅम पिठाची. म्हणजे एका भाकरीत 54 ग्रॅम कर्बोदकं. पिष्ट अगदी कमी ठेवणाऱ्या किटो आहारात दिवसभराला पन्नासच्या आत राहायचं असतं; आमच्या घरची एक भाकरी खाल्ली की तो कोटा संपलाच. खडी फोडणाऱ्या बाईला तशा तीन भाकरी लागत होत्या. टेबलाशी बसून लिहिणाऱ्या तिच्या लेकीला लागत नाहीत. दोष ज्वारीचा नाही. काम बदललं आणि भाकरीचं माप तेच राहिलं.

हे मी आईला सांगितलं. सांगताना भीत होते. तिनं काट्याकडे पाहिलं, पिठाकडे पाहिलं आणि विचारलं, "मग तुला टाकायची न्हाई, ल्हान पायजे, असं म्हण की." दुसऱ्या दिवशी तिनं काठवटीत आधणाचं पाणी घालून पीठ मळलं, लिंबाहून थोडा मोठा गोळा घेतला आणि तळहाताएवढी भाकरी थापली. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग विस्तवावर धरली. टम्म फुगली. पस्तीस ग्रॅम पिठाची, चोवीस ग्रॅम कर्बोदकांची.

गेली पाच वर्षं माझं ताट असं आहे. जेवणाला अशी एक भाकरी. ताटाचा अर्धा भाग मेथी, शेपू, वांगं, गवार, काकडी. उसळ किंवा दोन अंडी, नाहीतर दही, रविवारी मटण. वर एक चमचा लोणी आणि शेंगाची चटणी, जी आमच्या सोलापूरनं फार पूर्वीच शोधून ठेवलेला स्निग्ध आहार आहे. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे चाळीस ग्रॅम तेल आणि चोवीस ग्रॅम प्रथिनं असतात. मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं पाखडायची, लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून उखळात कांडायचे. मिक्सरात भुकटी होते. उखळात घाव बसत जातो तसं दाण्यातलं तेल सुटतं, चटणीचा रंग गडद होतो, ती मुसळाला चिकटायला लागते. त्या क्षणी थांबायचं. दोन चमचे चटणी पानात असली की दुसरी भाकरी मागावीशी वाटत नाही. चहा बिनसाखरेचा, दिवसाला दोन कप. पहाटे कंबर तलावाभोवती चालणं. वजन 72-73 वर आहे, वाईट कोलेस्टेरॉल 121, साखर 5.7. 68 चा आकडा परत दिसला नाही आणि आता मला तो नकोय.

एक प्रसंग मात्र मला झोपू देत नाही. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत एका बाईशी बोलत होते. सूप मांडीवर, हातानं विड्या वळणं सुरू, हजारावर मजुरी. घरात तेलुगू, बाजारात मराठी. तिला मधुमेह आहे. मी भात कमी करा म्हणाले. ती म्हणाली, "ताई, रेशनवर तांदूळच मिळतो. मग खाऊ काय?" मिलोच्या ओळीत उभ्या असलेल्या माझ्या आईनंच जणू मला विचारलं. पनीर-लोण्याचा सल्ला तिच्या दारात टिकत नाही. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्याला मिळणाऱ्या ऊर्जेतली सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि प्रथिनांतून जेमतेम 12 टक्के. त्याच पाहणीत असंही दिसलं की तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका घटत नाही. थोडी कर्बोदकं काढून त्या जागी डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिनं आली तर तो घटतो. म्हणजे ज्वारी आरोग्याची म्हणून तीन भाकऱ्या खाणं हाही उपाय नव्हे. पण प्रथिनं महाग आणि तांदूळ फुकट, ही गाठ त्या बाईनं एकटीनं कशी सोडवायची? रेशनच्या पिशवीत डाळ आणि शेंगदाणे का नसावेत? ज्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि जिथं उजनीच्या पाण्यावर ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, तिथल्या लोकप्रतिनिधींना हे मी दरवेळी विचारणार आहे. त्या बाईला मी एवढंच सुचवू शकले: चहातली साखर आणि चहाबरोबरचे बटर सोडा, भात अर्धी वाटी कमी करून तेवढी डाळ वाढवा, मूठभर फुटाणे जवळ ठेवा, आणि गोळ्यांचं डॉक्टरांना विचारूनच.

हे शेवटचं सगळ्यांसाठी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मनानंच पिष्ट बंद केलं तर साखर धोकादायकपणे खाली जाऊ शकते, आणि काही नव्या गोळ्यांबरोबर रक्तात आम्ल वाढून जीवावर बेतू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी या वाटेला स्वतःहून जाऊच नये. जे जातील त्यांनी तीन महिन्यांनी रक्त तपासावं आणि वजन उतरलं म्हणून बाकीचे आकडे नजरेआड करू नयेत.

या रविवारी गावी पुन्हा आगटी पेटली होती. चुलते आता थकलेत, पण कणीस अजून तेच चोळतात. त्यांनी ओंजळ पुढे केली. मी दोन्ही हात जोडून तळवे पुढे धरले, त्यांनी दाणे ओतले. शेजारी आई बसली होती. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, त्यातले थोडे दाणे उचलून स्वतःच्या हातावर घेतले आणि त्या जागी चमचाभर चटणी ठेवली.