सोशलिस्ट सिंह

अमेरिकेत येऊन स्थिरावायचं असेल तर दोन गोष्टी शिकाव्या लागतात. एक म्हणजे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणं आणि दुसरी म्हणजे फुटबॉल. पहिली दोन आठवड्यांत जमते, दुसरीला दोन सीझन लागतात. (इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, मुख्यतः हाताने खेळायचा. आपल्या फुटबॉलला हे लोक सॉकर म्हणतात.) सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीपाशी उभं राहून चार शब्द बोलायचे तर दुसरा इलाज नाही. आणि नियम एकदा डोक्यात शिरले की जाम मजा येते, हेही खरं.

पण मला खेळाच्या नियमांपेक्षा लीगचे नियम जास्त भारी वाटतात. भांडवलशाहीची पंढरी असलेल्या या देशातला सगळ्यात लाडका खेळ चक्क समाजवादी पद्धतीने चालतो!

आता बघा. एनएफएलमध्ये ३२ टीम आहेत. कॉलेजमधून दरवर्षी नवे खेळाडू येतात, त्यांची निवड 'ड्राफ्ट'मध्ये होते. तिथे पहिला नंबर कोणाचा? गेल्या वर्षी जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा. चॅम्पियन टीम रांगेत सगळ्यात शेवटी. ही कल्पना १९३५ साली फिलाडेल्फियाच्या टीमचा मालक बर्ट बेल याने मांडली. त्याची टीम सारखी हरायची आणि हरणाऱ्या टीमकडे चांगला खेळाडू फिरकत नसे. १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला. (त्यात पहिला निवडला गेलेला जे बरवँगर एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. पैसे कमी वाटले म्हणून त्याने सरळ नोकरी धरली. आपल्यातलाच माणूस!)

दुसरा नियम टीव्हीच्या पैशांचा. १९६१ साली लीगचा कमिशनर पीट रोझेल याने न्यूयॉर्कसारख्या बड्या शहरांतल्या मालकांच्या गळी उतरवलं, की टीव्हीचे पैसे सगळ्यांनी सारखे वाटून घ्यायचे. त्यासाठी काँग्रेसने खास कायदा केला आणि केनेडींनी त्यावर सही केली. तिसरा नियम १९९४ पासूनचा, सॅलरी कॅप. मालक कितीही गडगंज असला तरी खेळाडूंवर ठरावीक रकमेपेक्षा जास्त उधळायची नाही. २०२५ साली ही मर्यादा टीममागे सुमारे २८ कोटी डॉलर होती.

याचा परिणाम बघायचा असेल तर ग्रीन बे बघा. विस्कॉन्सिनमधलं लाखभर वस्तीचं गाव, म्हणजे साधारण आपल्या साताऱ्याएवढं. तिथल्या पॅकर्स टीमला कोणी शेठजी मालक नाही, पाच लाखांवर भागधारक आहेत आणि त्यांना डिव्हिडंड म्हणून एक पैसा मिळत नाही. त्यामुळे या एकाच टीमचे हिशेब लोकांसमोर येतात. २०२४ साली जाहीर झालेल्या हिशेबात लीगकडून आलेला वाटा ४० कोटी डॉलरच्या वर होता. न्यूयॉर्कला जेवढा, डॅलसला जेवढा, तेवढाच ग्रीन बेला. या गावाने चार सुपर बोल जिंकलेत.

यावर कोणी म्हणेल, असं सगळं सारखं वाटलं तर कष्ट कोण करणार? लोक आळशी होतील, मेरिटचं काय? हा प्रश्न तर आपल्या ओळखीचाच आहे. त्याला उत्तर आहे टॉम ब्रेडी. सन २००० च्या ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर १९९ वा होता. पुढे त्याच्या न्यू इंग्लंडच्या टीमने सहा सुपर बोल जिंकले, आणि तेही याच नियमांत. पैसे सारखे, खेळाडूंवरचा खर्च सारखा, वर दरवर्षी ड्राफ्टच्या रांगेत मागे उभं राहायचं, तरी जिंकले. म्हणजे सुरुवात सारखी केली म्हणून निकाल सारखा लागत नाही. उलट जिंकणारा खरंच चांगला होता, हे कळतं. आपल्या आयपीएलनेही २००८ पासून लिलावात प्रत्येक टीमला ठरावीक रकमेची मर्यादा घातलीच आहे की. मेरिट बुडालं म्हणून तिथे कोणी गळा काढत नाही.

आता गंमत अशी, की हेच शब्द मैदानाबाहेर उच्चारून बघा. 'सोशलिझम' ही अमेरिकन राजकारणातली शिवी आहे. २०१० साली ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा आला तेव्हा तो सोशलिझम. श्रीमंतांवर कर वाढवा म्हटलं की सोशलिझम. आम्ही मिशिगनवाले तर काठावरचं राज्य. २०१६ साली इथला निकाल जेमतेम ११ हजार मतांनी लागला. त्यामुळे निवडणुकीच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅचच्या मधल्या प्रत्येक ब्रेकला प्रचाराच्या जाहिराती. तीस सेकंद सोशलिझमच्या नावाने शंख आणि मग परत मॅच, म्हणजे परत सोशलिझम :)

आमची टीम डेट्रॉईट लायन्स. २००८ साली हे सिंह १६ पैकी १६ मॅच हरले. तोवर १६ मॅचच्या सीझनमध्ये हा पराक्रम कोणीच केला नव्हता. तरी दर थँक्सगिव्हिंगला मॅच यांचीच (ही प्रथा १९३४ ची), म्हणजे टर्की खाताना सगळ्या देशासमोर शोभा. पण लीगचा नियम असा की सगळ्यात शेवटी आलात, घ्या पहिला नंबर. २००९ साली त्यांनी मॅथ्यू स्टॅफर्डला निवडलं. २०२१ मध्ये त्याला लॉस एंजेलिसला देऊन बदल्यात जॅरेड गॉफ आणि ड्राफ्टमधले आणखी नंबर घेतले. आणि जानेवारी २०२४ मध्ये, ३२ वर्षांनी, लायन्सने प्लेऑफची मॅच जिंकली. कोणाविरुद्ध? त्याच स्टॅफर्डच्या टीमविरुद्ध, २४-२३. त्या रात्री आमच्या गल्लीत लोक थंडीत बाहेर येऊन ओरडत होते. एरवी इथे शेजारी फक्त बर्फ काढताना भेटतात.

आता लायन्सचं शहर घ्या. १९५० साली डेट्रॉईटमध्ये साडेअठरा लाख लोक होते, २०२० च्या जनगणनेत साडेसहा लाखसुद्धा उरले नाहीत. कारखाने गेले, गोरी वस्ती उपनगरांत गेली, तिच्यामागे कर गेले आणि २०१३ साली शहराने दिवाळखोरी जाहीर केली. हारणाऱ्या टीमला मिळतो तसा पहिला नंबर हारणाऱ्या शहराला कोणी दिला नाही. उलट १९७४ सालीच सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवून टाकलं होतं, की डेट्रॉईटच्या शाळांमधली वर्णाची दरी भरून काढायला आजूबाजूच्या उपनगरांना जबरदस्तीने सामील करून घेता येणार नाही. तुमची शाळा तुमची, आमची आमची. दोघांच्या मधून जातो तो फक्त एक रस्ता.

मिशिगनने काहीच केलं नाही असं मात्र नाही. १९९४ साली, म्हणजे सॅलरी कॅप आली त्याच वर्षी, इथल्या मतदारांनी सेल्स टॅक्स ४ वरून ६ टक्के करून घेतला आणि शाळांच्या रोजच्या खर्चाचा मोठा भार स्थानिक घरपट्टीवरून राज्यावर आणला. लीगसारखाच वाटप! पण अर्धाच. शाळेची इमारत बांधायची, छप्पर दुरुस्त करायचं, तर पैसा अजूनही त्या त्या भागातल्या घरपट्टीतूनच उभा करायचा. जिथे घरांना किंमतच उरली नाही तिथे छप्पर गळणार हे ओघाने आलंच. जानेवारी २०१६ मध्ये डेट्रॉईटच्या शिक्षकांनी एकदम आजारपणाच्या रजा टाकून शाळा बंद पाडल्या. तक्रार काय, तर वर्गात बुरशी आणि उंदीर.

आणि आपण? आपल्या मराठी मंडळींच्या कुठल्याही पॉटलकला जा. पुरुष ग्रिलपाशी, बायका किचनपाशी, मुलं बेसमेंटमध्ये आणि विषय एकच, स्कूल डिस्ट्रिक्ट. घरांच्या वेबसाइटवर प्रत्येक घराखाली शाळेला दहापैकी मार्क दिलेले असतात. आठच्या खाली आपण बघतसुद्धा नाही. सारख्याच घराला रस्त्याच्या या बाजूला किती आणि त्या बाजूला किती, हे सगळ्यांना तोंडपाठ. मीही तेच करणार आहे. माझी मुलगी पुढच्या वर्षी किंडरगार्टनला जाईल आणि ती काही तत्त्वासाठी गळक्या वर्गात बसणार नाही. मी तिचा बाप आहे, कमिशनर नाही. माझं म्हणणं एवढंच, की जी निवड प्रत्येक बापाला करावीच लागते ती 'मार्केट'च्या नावावर खपवू नये. तो नियम आहे, कोणीतरी बनवलेला.

लीगला संत समजायचं कारण नाही. हा समाजवाद अब्जाधीश मालकांचा आपसातला आहे. ड्राफ्टमधल्या पोराला कुठल्या शहरात राहायचं हे ठरवता येत नाही आणि सॅलरी कॅपने मालकाचेही पैसे वाचतात. वर स्टेडियमला सरकारी पैसा. बफेलोच्या नव्या स्टेडियमसाठी राज्य आणि काउंटीने मिळून ८५ कोटी डॉलर द्यायचं २०२२ साली कबूल केलं. तेव्हा सोशलिझम कुठे जातो कोण जाणे!

एका सहकाऱ्याने मला पेचात पकडायचा प्रयत्न केला. म्हणाला, "अरे, मग सिनेटबद्दल काय म्हणणं आहे? वायोमिंगला सहा लाखांच्या आत माणसं, कॅलिफोर्नियाला जवळजवळ चार कोटी, आणि दोघांना दोन-दोनच सिनेटर. हेही तुझ्या ग्रीन बेसारखंच झालं ना?" मुद्दा बिनतोड वाटतो, पण नाही. ग्रीन बेला पैसे सारखे मिळतात, टचडाऊनचे गुण मात्र सगळ्यांइतकेच, सहा. लहान गाव म्हणून नऊ देत नाहीत. लीग तयारी सारखी करून देते आणि स्कोअरबोर्डला हात लावत नाही. राजकारणात नेमकं उलटं आहे, शाळेत जाणाऱ्या पोराची तयारी नशिबावर आणि मतमोजणीत मात्र वजनं.

मालकांनी हे सगळं दयेपोटी केलं नाही. समोरची टीम मेली तर आपली मॅच बघायला कोणी येणार नाही, एवढं त्यांना कळलं. आपण एकाच लीगमध्ये आहोत हे एकदा मान्य केलं की पुढचे नियम आपोआप सुचतात. उपनगर आणि शहर यांना ते अजून मान्य नाही, एवढाच काय तो फरक. एप्रिल २०२४ मध्ये ड्राफ्टचा सोहळा डेट्रॉईटच्या डाऊनटाऊनमध्ये झाला, तीन दिवसांत सात लाखांवर लोक आले. त्यात उपनगरातले किती असतील! सगळ्यात वाईट टीमला पहिला नंबर, या नियमावर एकानेही उठून विचारलं नाही, की हा अन्याय का.

असो. शनिवार संपत आला. उद्या एक वाजता मॅच आहे, त्याआधी दोन घरं बघायला जायचंय. दोन्ही आठच्या वरची.