कॉलेजचं दार कुणासाठी?

कामगार बंधूंनो, मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं. पायरी चढले मूठभर वरच्या थरातलेच. कर भरायचा रयतेनं, पदवी घ्यायची दुसऱ्यानं! १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढं हेच रोखठोक मांडलं. १९४६ साली बाबासाहेबांच्या संस्थेनं सिद्धार्थ कॉलेज काढलं. सकाळच्या वर्गांमुळं नोकरी सांभाळून शिकता आलं. १९४७ साली कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’चं कॉलेज उभारलं. असं दार किलकिलं झालं.

२०२१-२२ च्या सरकारी पाहणीत अठरा ते तेवीस वयाच्या शंभरांमागं सुमारे २८ जणांचीच नोंद आहे. उरलेली पोरं कुणाची? आपलीच! दार उघडून फीची कडी घालणं हा न्याय नव्हे. भावांनो, मजुरीबरोबर पोरांच्या कॉलेजचीही मागणी पुढं रेटा!