खर्डा खून प्रकरण बातमीबद्दल काय शिकवतं?

पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला बातमीचे सहा 'क' शिकवतात: काय, कुठे, केव्हा, कोण, का, कसं. खर्डा (ता. जामखेड) इथे २८ एप्रिल २०१४ रोजी १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. राज्यभर हेडलाइन झाली. पुढे खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयाने सुनावणी झालेल्या सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता केली. म्हणजे 'काय, कुठे, केव्हा' पक्कं. पण 'कोण' या प्रश्नाला न्यायालयातून उत्तर मिळालं नाही.

घटनेच्या दिवशी कॅमेरे असतात. साक्षीदार फिरतो त्या दिवशी कोर्टात किती बातमीदार असतात? म्हणूनच अभ्यासक्रमात 'फॉलोअप' असतो. जुनी पोस्ट शेअर करण्याआधी तारीख पाहा, निकालही शोधा.